आमच्यात पण अस्संच करतात!

नवी चव जिभेला लागली की जगातले बहुतेक लोक विचारतात, "हे काय आहे?" मराठी माणूस विचारत नाही, सांगतो. पहिला घास तोंडात असतानाच त्याची मान डोलायला लागते आणि दुसरा घास गिळायच्या आत निकाल तयार असतो : "हे तर आमच्याकडचंच. यांनी फक्त नाव वेगळं ठेवलंय." रिसोटो म्हणजे गुरगुट्या भात, टॉर्टिया म्हणजे मक्याची भाकरी, फलाफल म्हणजे डाळवडा. या गुणामुळे मराठी माणूस जगाच्या पाठीवर कुठेही उपाशी राहत नाही आणि कुठेही काही नवीन खात नाही.

या सवयीचा कळस बघायचा असेल तर आठ-दहा मराठी माणसांचा कंपू सिंगापूरच्या एखाद्या न्योन्या हॉटेलात दुपारच्या जेवणाला न्यावा. आमचा गेला होता.

न्योन्या म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. शेकडो वर्षांपूर्वी दक्षिण चीनमधले व्यापारी मोसमी वाऱ्यावर शिडं सोडून मलाक्का, पेनांग या बंदरांत यायचे. वारा फिरेपर्यंत परतीची सोय नाही, म्हणजे मुक्काम आला. मुक्कामाला माणसाला भूक लागते, आणि परमुलखात भुकेल्या माणसाचं लग्न लवकर जमतं. त्या घरांमधून जो समाज तयार झाला तो पेरानाकान. त्यातले पुरुष बाबा आणि बायका न्योन्या. देव्हाऱ्यात चिनी पूर्वज, अंगावर मलय सारोंग आणि केबाया, बोलणं मलय आणि त्यात होक्किएन शब्दांची पेरणी. स्वयंपाकघरात तर दोन्ही माहेरं एकाच चुलीवर आली. नवरा आंबवलेल्या सोयाबीनची तौचो आणि डुकराचं मांस घेऊन आला. बायको गवती चहा, हळद, चिंच, नारळ आणि बेलाचान ही कोळंबीची वडी घेऊन आली. भांडण झालं नाही, रस्सा झाला.

आता जो पदार्थ जन्मापासूनच दोन-तीन घरांचा आहे, त्यावर चौथ्याने हक्क सांगितला तर त्याला नाही कोण म्हणणार? आमच्या कंपूला रान मोकळंच मिळालं.

आधी वार ठरवायचा होता. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी आणि शुक्रवारी ऑफिस. राहता राहिला रविवार, तोही मुलांचा मराठीचा वर्ग सुटल्यानंतरचा. ग्रुपवर एवढी चर्चा झाली की तेवढ्यात एक छोटी राज्यघटना लिहून झाली असती. शेवटी ठरलं : जू चियाट, दुपारी साडेबारा. 'साडेबारा म्हणजे साडेबारा' असं पुणेकर काकांनी दोनदा लिहिलं. स्वतः ते सव्वाबारालाच पोचले आणि उरलेल्यांची वाट बघण्याचा आनंद पुरेपूर घेतला. उरलेले कून सेंग रस्त्यावरच्या जुन्या रंगीत दुकानघरांसमोर फोटो काढत होते. गुलाबी घरासमोर सगळे, मग पोपटी घरासमोर सगळे, मग पोपटी घरासमोर फक्त बायका.

हॉटेलच्या दारातच खेळ सुरू झाला. शोभेसाठी तिथे एक दगडी पाटा ठेवला होता आणि वर आडवा वरवंटा. पाटीवर लिहिलं होतं, 'बातू गिलिंग'. येणारेजाणारे त्याचे फोटो काढत होते. रत्नागिरीच्या वहिनींनी फोटो काढला नाही. त्या वाकल्या, पाट्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "टाकी लावून घ्यायला झालाय. यावर आता काही वाटलं जायचं नाही." मालकीणबाई गल्ल्यावर बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, केबाया घातलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांना मराठी कळायचं कारण नव्हतं. पण दुसऱ्या बाईच्या पाट्यावरून हात फिरवून मान हलवणं कुठल्याही भाषेत कळतं. त्यांनी वहिनींकडे जरा रोखून पाहिलं.

टेबलावर पहिला हिरमोड आमच्यातल्या आयटीवाल्याचा झाला. चॉपस्टिकने एकेक शेंगदाणा उचलण्याची साधना त्याने मन लावून केली होती, आणि समोर आले साधे काटे-चमचे. पेरानाकान लोक परंपरेने हाताने जेवतात. 'तोक पांजांग' म्हणून त्यांची लांब टेबलावरची मोठी पंगत असते, तिथेही जुनी माणसं हातानेच जेवायची. हे ऐकताच कोल्हापूरच्या दादांनी बाह्या सारल्या आणि काटा शेजारच्या रिकाम्या ताटलीत नेऊन ठेवला.

मेनू काकांनी ताब्यात घेतला. काका मेनू नेहमी शेवटून वाचतात, कारण बारीक अक्षर शेवटी असतं. किमतीपुढची दोन अधिक चिन्हं त्यांनी सगळ्यांना दाखवली. "एक अधिक म्हणजे १० टक्के सेवा आकार, दुसरा म्हणजे ९ टक्के कर. एकोणीस वाटतात ना? कर सेवा आकारावरही लागतो. १९.९!" सगळ्यांना शून्य पूर्णांक नऊचा धक्का बसला. टेबलावरचे शेंगदाणे आणि ओले टिश्यूही फुकट नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. पण तोवर आयटीवाल्याने आपल्या साधनेपायी अर्धी वाटी हाताने संपवली होती.

खरा प्रश्न सोलापूरच्या ताईंचा होता. ताई शाकाहारी. त्यांनी वाढणाऱ्या मुलीला बोलावलं.

"व्हेजिटेरियन?"

"कॅन, कॅन."

"नो मीट?"

"कॅन."

"नो फिश?"

"कॅन."

"नो प्रॉन?"

मुलगी थांबली. "कॅन. बट नॉट नाइस."

यात तिचा दोष नाही. न्योन्या स्वयंपाकात भाजी असते, भरपूर असते. पण ती एकटी कधीच येत नाही. 'चाप चाय' म्हणजे कोबी, मशरूम, सोयाबीनच्या पट्ट्या, शेवया यांची मिसळ भाजी. ऐकायला किती सात्त्विक! पण त्या भाजीला चव आणायला कोळंबी किंवा सुकं काहीतरी हळूच येऊन बसलेलं असतं. भेंडी मागवावी तर ती सांबल हा कोळंबीचा ठेचा घालून. बाकी पदार्थांच्या वाटणात जिकडेतिकडे बेलाचान. ताईंनी शांतपणे पांढरा भात मागवला आणि पर्समधून एक छोटी डबी काढली. सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी. सोलापूरकर घराबाहेर पडताना पासपोर्ट विसरेल, चटणी नाही.

पहिली आली 'कुए पाय ती'. टोपीच्या आकाराच्या कुरकुरीत इवल्या पुऱ्या आणि सोबत बांगकुआंग नावाच्या कंदाचा शिजवलेला कीस, वर घालायला चटणी, कोथिंबीर. पुरीत आपणच भरायचं आणि फुटायच्या आत तोंडात टाकायचं. सगळं टेबल एका आवाजात म्हणालं, "पाणीपुरी!" पुरी पातळ पिठात साचा बुडवून तळलेली होती, आत पाणी नव्हतं, तो कंद तर आपल्याकडे कुणी पुरीत घालत नाही, पण एवढ्या बारकाव्यात कोण शिरतो? काकांनी शेवटी वाढणाऱ्या मुलीकडे एक सुकी पुरी मागितली. ती तिने आणून दिली. बिलात लावून.

मग 'ओताक-ओताक' आले. माशाचा कुटून केलेला गोळा, मसाल्यात आणि नारळाच्या दुधात कालवून केळीच्या पानात गुंडाळलेला. दादरच्या काकू म्हणाल्या, "पात्रानी मच्छी." वहिनी म्हणाल्या, "पानगी." पानगीत मासा नसतो, हे ताईंनी लक्षात आणून दिलं. "पण पान असतं ना?" वहिनी म्हणाल्या.

वहिनींचा खरा वार मात्र बेलाचानवर होता. सांबल बेलाचान म्हणजे लाल मिरची आणि भाजलेलं बेलाचान खलबत्त्यात कुटून, वर छोटं आंबट लिंबू पिळून केलेला ठेचा. बेलाचान म्हणजे मीठ लावून, कुटून, उन्हात वाळवून वडी केलेली बारीक कोळंबी. तव्यावर भाजताना त्याचा जो वास सुटतो, त्यावर मुंबईतल्या काही सोसायट्यांत तातडीची सर्वसाधारण सभा बोलावली गेली असती. वहिनींनी बोट बुडवून चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "जवळा!" या एका ठिकाणी त्यांच्या बाजूने विज्ञानही उभं राहतं. मलाक्काच्या किनाऱ्यावर बेलाचानसाठी धरतात तो 'गेरागाउ' आणि कोकणातला जवळा एकाच जीनसमधले, अ‍ॅसिटिस. वहिनींना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "शास्त्रज्ञांना आत्ता कळलं होय?"

कोल्हापूरच्या दादांनी तीच वाटी पुढे ओढली. "काय तिखट नाय बघा," म्हणत अर्धी भातात कालवली. दोन घास झाले. तिसऱ्या घासानंतर दादा बोलायचे थांबले. चौथ्यानंतर त्यांनी छताकडे पाहून विचारलं, "एसी बंद केलाय का यांनी?" तिखट नाही, या मूळ विधानावर मात्र ते शेवटपर्यंत ठाम होते. नारळाचं दूध आणि बर्फ घातलेलं 'चेंदोल' त्यांनी जेवणाच्या मध्येच मागवलं, ते निव्वळ आवड म्हणून. 'आयाम पोंगतेह' म्हणजे तौचोतल्या कोंबडीच्या रश्श्यात बटाटे दिसले, तेव्हा त्यांना पुन्हा कंठ फुटला. "बटाटा घातलाय म्हणजे ऐनवेळी पाहुणे वाढले असणार."

मग ती आली, जिच्यासाठी हे हॉटेल निवडलं होतं : 'आयाम बुआ केलुआक'. चिंचेच्या गडद रश्श्यात कोंबडी आणि तिच्यासोबत सुपारीहून बऱ्याच मोठ्या, काळपट, खडबडीत बिया. प्रत्येक बीला वर एक भोक. त्यातून बारीक चमच्याने काळा मगज उकरून खायचा. चव एकदम सांगता येत नाही. थोडी चॉकलेटसारखी, थोडी मशरूमसारखी, आणि मागून एक मातकट कडवटपणा. ही बी झाडावरून काढून तशीच खाल्ली तर विषारी. तिच्यात सायनाइड तयार होतं. म्हणून ती उकळतात, मग राख आणि केळीच्या पानांसोबत मातीत ४० दिवस पुरून ठेवतात. पांढरा मगज तोवर काळा होतो. मग कित्येक दिवस पाणी बदलत भिजवायची, घासायची, फोडायची, मगज काढायचा, वाटायचा, त्यात कोळंबीचा किंवा मांसाचा खिमा मिसळायचा आणि पुन्हा त्याच कवचात भरायचा. ४० हा आकडा ऐकून टेबलावर क्षणभर आदर पसरला. काका म्हणाले, "ज्याने एकोणचाळिसाव्या दिवशी उकरलं, त्याची कृती कुणी लिहून ठेवलेली दिसत नाही."

इथे तरी 'आमच्याकडचंच' म्हणायला जागा नाही, असं वाटलं होतं. पण नागपूरच्या ताईंनी चमचा खाली ठेवला. "बिब्बा! बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तर फोड येतात नं? आणि त्याच्यातलीच गोडंबी डिंकाच्या लाडवात खातो की नाही आपण?" वहिनी लगेच सरसावल्या. "ओले काजू सोला एकदा हातमोजे न घालता, मग बोला." अळूचं फदफदं, त्याची खाज आणि चिंच हेही निघालं. दोन मिनिटांत असं सिद्ध झालं की विषारी वस्तू खाण्यालायक करण्यात महाराष्ट्र कुणाला हार जाणार नाही. एकाही बीतला मगज या चर्चेत कुणी पूर्ण उकरला नव्हता.

मालकीणबाई अधूनमधून टेबलाशी येत होत्या. त्यांनी जुन्या गोष्टी सांगितल्या. पूर्वी मुलगी बघायला आलेल्या बायका बाहेर बसून आतल्या खलबत्त्याचा आवाज ऐकायच्या. कुटण्याच्या ठोक्यावरून मुलीच्या हाताची पारख व्हायची, असं म्हणतात. 'नासी उलाम' या भातात घालायचा पाला किती बारीक चिरलाय, तेही पाहिलं जायचं. आमच्यातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कांदेपोह्यांचा उल्लेख कुणी केला नाही, पण तो टेबलावर येऊन बसला होता. लग्न बारा दिवस चालायचं, असं त्या म्हणाल्या, तेव्हा काकांनी फक्त एवढंच विचारलं, "हॉलचं भाडं रोजचं, की ठोक?"

कृती कुठे लिहिलेली आहे का, असं विचारल्यावर त्या हसल्या. सगळं आगाक-आगाक, अंदाजाने. हात सांगेल तेवढं मीठ, तेल सुटेपर्यंत वाटण परतायचं, बस. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांनी 'रुचिरा'त १९७० मध्ये आजीचा अंदाज वाटी-चमच्यात बसवला. सिंगापूरमध्ये १९७४ साली असंच एक पुस्तक निघालं, 'मिसेस लीज कुकबुक'. त्या मिसेस ली म्हणजे देशाचे पहिले पंतप्रधान ली कुआन यू यांच्या आई. मुलाने देशाला शिस्त लावली आणि आईने मसाल्याला. २०१६ मध्ये कँडलनट या सिंगापूरच्या पेरानाकान हॉटेलला मिशेलिनचा ताराही मिळाला. ते ऐकून काकू म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना एक मिळायला हवा होता. पण त्यांनी परीक्षकालाच नावं ठेवली असती."

एव्हाना मडगावचा इंजिनिअर बराच वेळ गप्प राहून दुसऱ्या वाडग्यातला 'बाबी पोंगतेह' एकट्याने संपवत होता. तौचोतलं डुकराचं मांस. इतरांनी ते भक्तिभावाने त्याच्याकडे सरकवलं होतं. हात पुसून तो म्हणाला, "तुम्ही सगळे साम्यावर बोलता. आमच्याकडे पुरावा आहे. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि १५११ मध्ये मलाक्का. इकडे मिरची पोर्तुगीजांनी आणली. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव १५५३ मध्ये आधी मलाक्काच्या टेकडीवर पुरलं होतं, मग आमच्या गोव्यात आणलं."

"जिंकणारा पोर्तुगीज, मिरची अमेरिकेची, संत स्पेनमधला," काका म्हणाले. "यात तुम्ही कुठे?"

"गोवा मधे लागतं ना!" इंजिनिअर म्हणाला.

काकांनी मग आपला हुकमी एक्का काढला. मलाक्का, पेनांग आणि सिंगापूर यांची मोट इंग्रजांनी १८२६ मध्ये बांधली आणि १८६७ पर्यंत तिचा कारभार हिंदुस्थानातूनच चालायचा. "म्हणजे कागदोपत्री हे आपलंच होतं," असं म्हणून त्यांनी चमचा ताटलीवर आडवा ठेवला. पण आमच्याबरोबर आलेला तमिळ शेजारी इतका वेळ मन लावून जेवत होता. त्याने सावकाश सांगितलं की मलाक्कात चिट्टी म्हणून एक समाज आहे. सुलतानांच्या काळात आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज. देव हिंदू, घरची बोली मलय, पानात हेच सांबल. "तुम्ही साम्य शोधता," तो म्हणाला. "आम्ही तिथे लग्नंच केली." यावर काही उत्तर नव्हतं. काकांनी मेनू पुन्हा उघडून गोडाचं पान काढलं.

गोडाच्या वेळी मात्र आम्ही सगळे एक झालो. 'कुए दादार' म्हणजे हिरव्या पातळ धिरड्यात गुंडाळलेलं ओल्या खोबऱ्याचं आणि ताडगुळाचं सारण. "मोदक!" सारण तेच, उकड मात्र नाही. हिरवा रंग पांदानच्या पानाचा. भाताला वास यावा म्हणून कोकणातही काही घरी परसात लावतात तेच पान. मग आला निळ्या छटांचा चिकट भात, 'पुलुत ताय ताय'. निळा रंग गोकर्णाच्या फुलांचा. सोलापूरच्या ताईंच्या चेहऱ्यावर प्रथमच तेज आलं. महादेवाला वाहायचं फूल, तांदूळ आणि सोबत नारळाच्या दुधाचा दाट पिवळसर 'काया'. त्यांनी चमचा भरला. वाढणारी मुलगी कर्तव्यदक्ष होती. "आँटी, काया गॉट एग." चमचा परत गेला. ताईंनी निळा भात चटणीशी खाल्ला.

बिल आलं. १९.९ टक्के तंतोतंत निघाले, त्यामुळे काकांना पैसे देतानाही समाधान वाटलं. टीटीएमएम करायचं ठरलं. पण बाबी पोंगतेह एकाने खाल्लं, भात-चटणी दुसरीने खाल्ली आणि सुकी पुरी कुणाच्या नावावर टाकायची, यावर एकमत होईना. शेवटी समान वाटणी झाली आणि ताईंचा पांढरा भात त्या दिवशी जू चियाटमधला सगळ्यात महाग भात ठरला.

आम्ही उठत होतो तेवढ्यात मालकीणबाईंची नजर ताईंच्या डबीवर गेली. बाहेरचं अन्न आणल्याबद्दल बोलतील, म्हणून ताईंनी झाकण लावायची घाई केली. बाईंनी हात पुढे केला. ताईंनी डबी दिली. त्यांनी चिमूटभर चटणी तळहातावर घेतली, वास घेतला, जिभेवर टाकली आणि डोळे मिटले. त्यांची मान हळूहळू डोलायला लागली. ती मान आम्ही ओळखली. आमचीच होती.

"सेरुंडिंग," त्या म्हणाल्या. मसाला घालून कोरडं परतलेलं खोबरं, त्यांच्या आजीच्या हातचं. "सेम-सेम. ओन्ली यू फरगॉट द ड्राइड प्रॉन."

मग त्या दाराशी गेल्या आणि वहिनींकडे बघत पाट्यावरची धूळ केबायाच्या टोकाने पुसल्यासारखं करून परत गल्ल्यावर बसल्या.

दोन तास आम्ही त्यांच्या ताटातला प्रत्येक पदार्थ कोकणात, विदर्भात आणि गोव्यात नेऊन ठेवला होता. त्यांनी एकच पदार्थ घेतला, तर रस्त्यावर येताच मोर्चा निघायचाच बाकी राहिला. "आमची चटणी यांची कशी?" ताई म्हणाल्या. "लसूण कुठेय त्यांच्यात?" नागपूरच्या ताई म्हणाल्या. "उगाच कशालाही काहीही म्हणायचं," दादा म्हणाले. प्रत्येक संस्कृतीचं स्वतःचं काही वैशिष्ट्य असतं आणि ते दुसऱ्याने समजून घ्यायला हवं, यावर एमआरटी स्टेशन येईपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं.

पुढच्या महिन्याचं जेवणही गाडीतच ठरलं. या वेळी आपल्याशी काडीचाही संबंध नसलेलं काहीतरी खायचं, असं काकांनी बजावलं, म्हणून इथिओपियन हॉटेल निवडलं. आयटीवाल्याने फोनवर इंजेराचा फोटो काढून सगळ्यांना दाखवला. आंबवलेलं पीठ, तव्यावर पसरलेलं, वर जाळी पडलेली.

वहिनींनी फोन जवळ घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "आंबोळी."